लेक मेडोजचा चित्रमेळा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १९७२ साली दलित पँथरने आपले नावही तिकडच्या चळवळीवरून घेतले. त्या समाजाच्या चित्रकारांकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही. कवितेला वही पुरते, शाहिराला चावडी पुरते. चित्राला भिंत लागते आणि भिंतीला मालक असतो. शिकागोच्या दक्षिण भागातील कलावंतांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे.

या भागात कृष्णवर्णीय वस्ती दाटली ती आपखुशीने नव्हे. इतरत्र त्यांना घरे विकू नयेत असे करारच गोऱ्या मालकांनी केलेले होते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते करार अंमलात आणता येणार नाहीत असे ठरविले. त्याआधीच, मंदीच्या काळात, सरकारने कलाकेंद्रांची योजना काढली. पगार सरकार देणार, जागा मात्र लोकांनी उभी करायची. तेव्हा लोकांनी नाचाचे जलसे केले, वर्गणी काढली. मार्गारेट बरोज ही तरुण चित्रकर्ती रस्त्याच्या कोपऱ्यावर डबा घेऊन दहा-दहा सेंटांची नाणी गोळा करीत उभी राहिली. एका धान्यव्यापाऱ्याचा जुना वाडा घेण्यात आला. ७ मे १९४१ रोजी एलेनॉर रूझवेल्ट यांनी केंद्राचे औपचारिक उद्घाटन केले. चार्ल्स व्हाइट यांच्यासारखे चित्रकार इथे वावरले. पुढे १९५० साली पुलित्झर मिळविणाऱ्या ग्वेंडोलिन ब्रुक्स इथल्याच काव्यवर्गात बसत.

१९४३ साली सरकारी योजना गुंडाळली गेली. केंद्र लोकांच्या बळावर टिकले; पण पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्टांच्या शोधाचे वारे सुटले आणि डाव्या कलावंतांना स्वतः उभारलेल्या घरातच अवघडल्यासारखे झाले. प्रतिष्ठितांना सरकारी रोषाची भीती वाटते, हा अनुभव आपल्याही संस्थांना नवा नाही.

अशा वेळी, १९५७ साली, बरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक मेडोज येथे उघड्यावरचा चित्रमेळा सुरू केला. जागेचा इतिहास बोलका आहे. ‘गलिच्छ वस्ती निर्मूलना’च्या नावाखाली कृष्णवर्णीयांची घरे पाडून एका विमा कंपनीने तिथे उंच इमारती उठविल्या होत्या. नवी भाडी उठवलेल्यांपैकी बहुतेकांना परवडणारी नव्हती. मेळ्याने त्यांची घरे परत मिळाली नाहीत, हे उघड आहे. परंतु शहरातील दालनांचे दरवाजे ज्यांना बंद होते त्यांची चित्रे त्याच जमिनीवर, बाजारहाटाला निघालेल्या माणसासमोर मांडली गेली. चित्रकार स्वतः चित्राशेजारी उभा.

बरोज यांचे स्वतःचे माध्यमही या विचाराशी जुळणारे होते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचे, शाई लावायची आणि हव्या तितक्या प्रती काढायच्या. प्रत स्वस्त पडते, मजुराच्या खोलीतही लागू शकते. एकमेव मूळ चित्राची प्रतिष्ठा ही मुळात संग्राहकांची गरज आहे, असे मला वाटते.

पेशाने त्या शाळामास्तरीण होत्या. १९६१ साली त्यांनी व पती चार्ल्स यांनी आपल्या समाजाच्या इतिहासाचे व कलेचे संग्रहालय काढले. जागा, कलाकेंद्रासमोरचे त्यांचे राहते घर.