व्यसनमुक्तांचें घर

दारू सोडणाऱ्या मनुष्याची आपण वाखाणणी करतों. परंतु उपचार संपल्यावर त्यानें रात्रीं कोठें निजावें, हें क्वचितच विचारतों. अमेरिकेंत या प्रश्नाचें एक उत्तर खुद्द व्यसनमुक्तांनींच शोधिलें. त्याचा इतिहास आज थोडक्यांत निवेदन करितों.

राजधानी वॉशिंग्टनजवळ, मेरिलँड राज्यांत, सिल्व्हर स्प्रिंग येथें व्यसनमुक्तांसाठीं एक सरकारी आश्रयगृह होतें. १९७५ मध्यें पैशाच्या अभावीं तें बंद होऊं लागलें. तेथील रहिवाशांत पॉल मॉलॉय नांवाचे वकील होते. मुदत भरली म्हणून ज्यांना बाहेर पडावें लागे, त्यांतील पुष्कळजण पुन्हां व्यसनाकडे वळत, हें या मंडळींनीं पाहिलें होतें. त्यांनीं तें घर स्वतःच भाड्यानें घेतलें व त्यास ‘ऑक्सफर्ड हाऊस’ असें नांव दिलें.

नियम तीनच: कारभार सर्वांच्या मतानें चालवावा, खर्च वांटून घ्यावा, आणि जो पुन्हां व्यसन करील त्यानें तत्काळ घर सोडावें. राहण्यास मुदत मात्र ठेविली नाहीं. शेवटचा नियम कठोर खरा. पण एकाच्या पेल्यापायीं सर्वांचा निवारा जाण्याचें भय होतें.

१९८८ च्या कायद्यानें अशा घरांस चार हजार डॉलरपर्यंत कर्जाची सोय झाली. पैशाची अडचण हलकी झाली, शेजाऱ्यांची उरली. पश्चिम किनाऱ्याकडील एडमंड्स शहरांत अशा एका घरीं दहाबारा जण राहत. नात्याचे कितीहि लोक एकत्र राहोत. बिननात्याचे पांचांहून अधिक असल्यास तें कुटुंब नव्हे, असा तेथील नियम होता. शहरानें घरमालकावर फौजदारी कारवाई आरंभिली. १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं ठरविलें कीं, अपंगांस घर नाकारण्यास बंदी करणाऱ्या कायद्यांतून या नियमास सूट नाहीं. व्यसनमुक्तांनाहि त्या कायद्याचें संरक्षण आहे.

२००६ मध्यें इलिनॉय राज्यांतील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार घेतलेल्या १५० जणांपैकीं निम्म्यांस, निवड न करतां, अशा घरांत ठेविलें. बाकीच्यांस नेहमींची व्यवस्था दिली. दोन वर्षांनीं पहिल्यांत सुमारें ३१ टक्के, तर दुसऱ्यांत सुमारें ६५ टक्के लोक व्यसन करीत होते.

उपचारावर खर्च करावयाचा आणि बऱ्या झालेल्यास पुन्हां गुत्त्याच्याच गल्लींत धाडावयाचें, हा कसला व्यवहार? न्यायालय घराचा हक्क देईल. शेजारधर्म तें देऊं शकत नाहीं. आपल्या चाळींतील रिकामी खोली अशा गृहस्थानें मागितली, तर आपण काय उत्तर देऊं, याचा श्रोत्यांनीं आपल्याशीं विचार करावा.