रक्तवाहिनी-आकुंचन, मेंदूच्या गाठीवरील शस्त्रक्रियेनंतरचे

मेंदूतील गाठ काढल्यावर काही दिवसांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिण्या आवळल्या जाऊन रक्तपुरवठा घटण्याची विकृती. रोहिणीचा फुगा फुटून झालेल्या रक्तस्रावानंतर ती बऱ्याचदा आढळते. गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ती विरळ, म्हणूनच ओळखायला उशीर होतो. पिट्युइटरी ग्रंथीच्या व कवटीच्या तळाच्या गाठी, विशेषतः कॅरॉटिड रोहिणीला वेढणाऱ्या, अधिक जोखमीच्या. मेंदूभोवतालच्या द्रवात सांडलेल्या रक्तातील हिमोग्लोबिन रोहिणीच्या भिंतीतील नायट्रिक ऑक्साइड निकामी करते आणि स्नायू आखडतात.

शुद्धीवर येऊन घरच्यांशी नीट बोलणारा रुग्ण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान गोंधळतो, शब्दांसाठी अडखळतो, हातातला पेला सुटतो. सीटी स्कॅनमध्ये नवा रक्तस्राव नसतो. पिट्युइटरीच्या शस्त्रक्रियेनंतर याच सुमारास रक्तातील सोडियमही घसरू शकते व त्यानेही गोंधळ उडतो. फसगत होते ती इथेच: सोडियम वाढावे म्हणून पाणी कमी केले आणि मूळ दोष आकुंचनाचा असला, तर मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. त्यामुळे रोहिण्यांचे आकुंचन दाखवणारी सीटी अँजिओग्राफी लांबणीवर टाकू नये. रून आस्लिड यांनी १९८२ मध्ये रूढ केलेल्या कवटीपार डॉप्लर तपासणीने आवळलेल्या रोहिणीतील रक्तप्रवाहाचा वाढलेला वेग खाटेपाशीच मोजता येतो.

उपचारांत पुरेसे द्रव, रक्तदाब मुद्दाम चढा ठेवणे व निमोडिपिन हे औषध. आकुंचन त्यांना न जुमानल्यास कॅथेटरमधून थेट रोहिणीत व्हेरापामिल किंवा फुग्याने रुंदीकरण. यांतील बहुतेक पद्धती रोहिणीचा फुगा फुटून रक्तस्राव झालेल्या रुग्णांवरील अनुभवातून घेतलेल्या आहेत.