त्रुटीची सुरावट : विद्युत्-संगीतातील ‘ग्लिच’ पद्धतीचा उदय आणि तिची ऐतिहासिक साधने

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखनप्रमादाला दुहेरी स्थान असते. शुद्ध पाठ सिद्ध करताना तो वगळावयाचा असतो. परंतु कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे ठरविताना नेमका तोच उपयोगी पडतो. शुद्ध मजकुरावरून ग्रंथकर्त्याची ओळख पटते, तर प्रमादावरून लेखनिकाची. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही संगीतकारांनी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांकडे याच दृष्टीने पाहिले. यंत्र निर्दोष चालत असते तोवर त्याचे अस्तित्व ऐकणाऱ्याला जाणवत नाही; ते अडखळले म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज प्रथमच ऐकू येतो. या अडखळण्यातून ज्यांनी सुरावटी रचल्या, त्यांच्या संगीताला पुढे ‘ग्लिच’ हे नाव मिळाले. हा शब्द मूळचा तंत्रज्ञांच्या बोलीतला. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी इ. स. १९६२ मध्ये विद्युत्-दाबातील क्षणिक उसळी असा त्याचा अर्थ दिला होता.

या पद्धतीच्या इतिहासात तीन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. त्रुटी प्रथम अपघात म्हणून आली, नंतर ती रीत झाली आणि अखेरीस संगणकाच्या आज्ञावलीतील एक कळ झाली. प्रत्येक अवस्थेत सुरावटीचे स्वरूप पालटले. त्याचबरोबर इतिहासकाराच्या हाती उरणाऱ्या साधनांचे स्वरूपही पालटले.

१

पहिल्या अवस्थेचे मूळ ग्रामोफोनच्या तबकडीत सापडते. सुई एकाच खाचेत अडकून तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारू लागली, हा अनुभव तबकडी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा होता. पॅरिस येथील फ्रेंच नभोवाणीत काम करणारे पिएर शेफर यांनी इ. स. १९४८ मध्ये या दोषाचे साधन केले. तबकडीवरील खाच मुद्दाम स्वतःकडेच वळवून बंद केली की ध्वनीचा एक तुकडा अखंड फिरत राहतो आणि काही आवर्तनांनंतर ऐकणारा त्याचे उगमस्थान विसरतो. आगगाडीच्या आवाजांवर आधारलेली त्यांची रचना त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी नभोवाणीवरून प्रसारित झाली. घंटेच्या नादातून आरंभीचा आघात कापून टाकला तर घंटा ओळखू येत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. ध्वनीची ओळख त्याच्या एका अल्पशा अंशात साठविलेली असते आणि तो अंश काढून घेता येतो, हा या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

प्राग येथील मिलान क्नीझाक यांनी इ. स. १९६० नंतरच्या दशकात याहून रांगडी वाट धरली. तबकड्या ओरखडणे, भाजणे, कापणे आणि निरनिराळ्या तबकड्यांचे तुकडे एकत्र चिकटवून वाजविणे हा त्यांचा उपक्रम होता. शेफर यांनी दोषाला शिस्त लावली. क्नीझाक यांनी यंत्रालाच आव्हान दिले. पुढील काळातील संगीतकार या दोन वृत्तींमध्ये विभागलेले आढळतात.

२

इ. स. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतलेले असते आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांनी लिहिलेले असते. खाचेतील सुईप्रमाणे येथे घर्षण नाही. म्हणून ओरखड्याची खरखरही नाही. परंतु ओरखड्याचा परिणाम नाहीसा झाला नव्हता, तो झाकला गेला होता. तबकडीवरील माहिती मुळातच विखरून लिहिलेली असते, त्यामुळे सलग सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही तरी गणिताच्या साहाय्याने तो पूर्णपणे भरून काढता येतो. हानी त्याहून अधिक असेल तर यंत्र शेजारच्या मापांवरून मधल्या मापाचा अंदाज बांधते; तोही बांधता येत नसेल तर क्षणभर मौन पाळते. लेखनिकाने गाळलेला शब्द संदर्भावरून भरून घेणाऱ्या संपादकासारखेच हे काम आहे. फरक इतकाच की हा संपादक आपल्या दुरुस्त्यांची तळटीप देत नाही.

या मूक संपादकाला बोलते करण्याचे श्रेय यासुनाओ तोने यांच्याकडे जाते. तोक्यो येथे इ. स. १९३५ मध्ये जन्मलेले व पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले हे संगीतकार. सूक्ष्म छिद्रे पाडलेली पारदर्शक चिकटपट्टी डिस्कच्या खालच्या बाजूस लावून त्यांनी इ. स. १९८५ च्या सुमारास ‘जखमी’ डिस्क तयार केल्या. लेसरकिरणाला काही अंक चुकीचे दिसत. दुरुस्तीची व्यवस्था पराभूत होई. तरी यंत्र थांबत नसे. वाजविणाऱ्यालाही पुढील क्षणी काय ऐकू येईल हे सांगता येत नसे. यंत्राची दुरुस्ती आणि माणसाने केलेली इजा यांच्या झटापटीतून निघालेले हे स्वर कोणी एकट्याने रचलेले नव्हते.

जर्मनीत मार्कुस पॉप, सेबास्टियान ओशात्झ व फ्रांक मेट्झगर यांच्या ‘ओवाल’ या गटाने डिस्कच्या पृष्ठावर लेखणीने खुणा करून निघणारे अडखळते आवाज गोळा केले. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. ते तुकडे संगणकात घेऊन, एकावर एक रचून त्यांनी संथ, जवळजवळ अंगाईसारख्या सुरावटी बांधल्या. इ. स. १९९४ मधील ‘सिस्टेमिश’ आणि पुढील वर्षीचा ‘९४डिसकाँट’ हे संग्रह या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या संग्रहातील ‘डू व्हाइल’ ही रचना २४ मिनिटे चालते आणि तिच्यात अडखळणे हाच ताल होऊन बसतो. तोने क्नीझाक यांच्या वळणाचे, तर ओवाल शेफर यांच्या.

३

तुटक्या तुकड्यांतून सुरावट निघते कशी, याचे उत्तर श्रवणाच्या नियमांत आहे. एखादा तुकडा सेकंदाला पाच-सात वेळा फिरला तर तो ताल वाटतो. वीसच्या पलीकडे गेला की ठोके वेगवेगळे ऐकू येईनासे होतात आणि त्यांचा एक स्वर होऊ लागतो. दहा सहस्रांश सेकंदाचा तुकडा सलग फिरविला तर १०० आवर्तनांचा स्वर उमटतो, मग त्या तुकड्यात मानवी कंठ असो वा दार आपटल्याचा आवाज. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी ‘कोंटाक्टे’ (१९५८–६०) या रचनेत एक स्वर उतरत उतरत सुट्या ठोक्यांत विरघळलेला ऐकवून ताल व स्वर एकाच मापपट्टीवर असल्याचे सिद्ध केले होते. ग्लिच पद्धतीने ही मापपट्टी उलट दिशेने वापरली.

दुसरे साधन म्हणजे मापांची काटकसर. १६ अंकांच्या मापात ६५,५३६ पायऱ्या असतात. आठ अंकांत २५६ आणि चार अंकांत केवळ १६. पायऱ्या घटल्या की मृदू स्वराला कंगोरे फुटतात. मापांची संख्याच सेकंदाला ८,००० वर आणली आणि वरचे स्वर आधी गाळून टाकले नाहीत, तर ४,००० आवर्तनांच्या वरचे स्वर खाली दुमडले जातात. ५,००० आवर्तनांचा घटक ३,००० वर ऐकू येतो, ६,००० चा २,००० वर. परिणामी या मर्यादेपलीकडे चढत गेलेली सुरावट उतरती होऊन परतते. हा दोष टाळण्यासाठी अभियंत्यांनी गाळण्या बसविल्या. संगीतकारांनी त्याच गाळण्या मुद्दाम काढून ठेवल्या.

हे प्रयोग घरच्या संगणकावर शक्य झाले ते इ. स. १९९० नंतरच्या दशकात. पॅरिसच्या इर्काम संस्थेत मिलर पकेट यांनी सिद्ध केलेल्या ‘मॅक्स’ या आज्ञावलीला इ. स. १९९७ मध्ये प्रत्यक्ष ध्वनी घडविणारा ‘एमएसपी’ हा भाग जोडला गेला. जेम्स मॅकार्टनी यांची ‘सुपरकोलायडर’ इ. स. १९९६ ची. अशा आज्ञावलींमुळे विद्यापीठीय प्रयोगशाळांची मक्तेदारी संपली. किम कॅस्कोन यांनी ‘कॉम्प्युटर म्युझिक जर्नल’मध्ये इ. स. २००० मध्ये लिहिलेल्या निबंधात ‘अपयशाचे सौंदर्यशास्त्र’ अशी या चळवळीची मीमांसा केली आणि तिचे बहुतेक प्रवर्तक विद्यापीठांबाहेरचे, स्वयंशिक्षित असल्याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी फ्रांकफुर्ट येथील ‘मिल प्लाटो’ या प्रकाशनसंस्थेने ‘क्लिक्स अँड कट्स’ हा संकलनसंग्रह काढला. चळवळीला नाव, सिद्धान्त आणि संहिता एकाच वर्षी मिळाल्या.

४

नाव मिळणे ही कित्येकदा उताराची सुरुवात असते. पॉप यांनी इ. स. २००० च्या सुमारास ‘ओवालप्रोसेस’ नावाची आज्ञावली पुढे ठेवली. तिच्या साहाय्याने कोणासही ओवालसारखे संगीत रचता यावे, ही कल्पना होती. इ. स. २००१ मध्ये बर्लिनहून ‘एबल्टन लाइव्ह’ ही आज्ञावली आली. तिच्यात पुढे समाविष्ट झालेले ‘बीट रिपीट’ हे साधन तुकड्यांना अडखळावयास लावते. ते किती वेळा अडखळावेत याची शक्यताही टक्क्यांत ठरविता येते. ‘रिडक्स’ हे तिच्यातीलच दुसरे साधन मापांच्या पायऱ्या घटविते. जे तोने यांनी चिकटपट्टीने साधले होते, ते आता माउसच्या एका टिचकीने होऊ लागले.

येथे मूल्याचा प्रश्न उपस्थित होतो. कळ दाबून आणलेल्या त्रुटीत कोणतेही यंत्र चुकत नाही. उलट संगणक आज्ञेचे तंतोतंत पालन करीत असतो. म्हणून या संगीताला ढोंग ठरविण्याचा मोह होतो. तो निर्णय उतावीळ होय. व्हिएन्नाचे ख्रिश्चन फेनेझ यांचा ‘एंडलेस समर’ (२००१) हा संग्रह ऐकला तर गिटारच्या सुरावटी संगणकाने खरवडलेल्या पडद्यामागून येत राहतात. त्या पूर्ण ऐकू येत नाहीत, आणि ऐकणाऱ्याचे मन गाळलेल्या जागा स्वतः भरते. यंत्राने सोडलेले दुरुस्तीचे काम श्रोत्याकडे येते. त्रुटी खरी की कृत्रिम, ही कसोटी येथे अपुरी पडते. ती काढून घेतल्यास सुरावट जशीच्या तशी उरते काय, ही कसोटी अधिक टिकाऊ आहे. उरत असेल तर त्रुटी अलंकार होती. उरत नसेल तर ती रचनेचे अंग होती. पॉप यांनी स्वतः इ. स. २०१० च्या ‘ओ’ या संग्रहात जखमी डिस्क बाजूला ठेवून छेडलेल्या तारांसारख्या स्वरांच्या छोट्या छोट्या रचना केल्या, यावरून जनकालाही रीतीचा कंटाळा येतो एवढे तरी दिसते.

५

इतिहासकारापुढील अडचण मात्र निराळी आहे. तोने यांचा ‘सोलो फॉर वूंडेड सीडी’ हा संग्रह इ. स. १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. विकत मिळणारी डिस्क अर्थातच अखंड असते. तिच्यावर जखमी डिस्कचा आवाज मुद्रित केलेला आहे आणि वाजविणारे यंत्र तो दोष निर्दोषपणे ऐकविते. ती एका प्रसंगाची नक्कल झाली. मूळ कृती डिस्क, चिकटपट्टी आणि विशिष्ट यंत्र यांच्या संयोगात होती. तीच डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली तर दुसरा पाठ निघेल. दुरुस्तीची व्यवस्था जितकी सुधारते तितकी जखम मुकी होते. पुढे तोने यांनी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने बिघडविलेल्या एमपी३ नस्तींवर काम केले (२०११), ते त्रुटीचे नवे स्थान शोधण्यासाठीच.

यास्तव या कालखंडाचा अभ्यास करणाऱ्या संग्रहालयांनी केवळ ध्वनिमुद्रिका जपणे पुरेसे नाही. इ. स. १९८० नंतरच्या दशकातील साधी, स्वस्त वादनयंत्रे, त्यांच्या दुरुस्तीच्या पद्धतींची कागदपत्रे आणि आज्ञावलींच्या त्या त्या काळच्या आवृत्त्या, त्या चालविणाऱ्या संगणकांसह, यांचेही जतन झाले पाहिजे. पोथी जपली आणि लेखनिकाची लेखणी हरविली तर फारसे बिघडत नाही. येथे मात्र लेखनिकच सहकर्ता आहे. तो हरविला तर मागे उरणारी प्रत शुद्ध असेल, पण मूळ कृतीला ती मुकलेली असेल.