जांभ्यावरचे रान

बीदरचे पठार जांभ्याचे. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलवली, आणि त्या काळी या सच्छिद्र दगडाच्या पोटातून भुयारी कालवे काढले गेले. नौबादची सुरंगबावी त्यांतलीच. त्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच मातीत रानातल्या झाडांच्या मुळांशी आणखी एक सूक्ष्म वाहतूक चालते. तिच्या शोधाची हकीकत सांगावी, असे आम्हांस वाटते.

जांभ्याची माती लाल असते ती लोहामुळे. हे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. कलबुर्गीच्या काळ्या मातीत तेच काम चुना करतो. स्फुरद मातीत असूनही झाडाच्या वाट्याला येत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर रिता झाला की मूळ उपाशी राहते. मग चिंचोळीच्या रानात, जेथे कोणी खताची पिशवी नेली नाही, तेथे साग आणि धावडा वाढले कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोणी निघालेच नव्हते. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी कवके लागवडीने पिकवायची होती. ते काम बर्लिनच्या आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांच्याकडे आले. वनवृक्षांची कोवळी मुळे बुरशीच्या वेष्टणात असूनही झाडे निरोगी राहतात, हे त्यांनी पाहिले आणि १८८५ साली या जोडीला 'मायकोरायझा', म्हणजे बुरशीमूळ, असे नाव दिले. बुरशी झाडाला पोसते हे अनेक समकालीनांना पटले नाही. बुरशी म्हणजे रोग किंवा नासाडी, हीच समजूत पक्की होती.

ठसठशीत पुरावा मिळाला तो फसलेल्या लागवडींतून. पोर्तो रिको बेटावर पाइनची रोपे वर्षानुवर्षे तग धरत नव्हती. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पाइनच्या रानातली माती मुळाशी घातली, तेव्हा ती तरारली. भारतात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत बी. के. बक्षी यांनी आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बागयराज यांनी हा विषय पुढे नेला.

पाइनची बुरशी पावसाळ्यात भूछत्र होऊन वर येते. आमच्या सागाची बुरशी वेगळी. ती मुळाच्या पेशींत शिरून फांद्या फोडते. तिचे केसाहून बारीक तंतू कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद आणतात आणि मोबदल्यात झाडाची साखर घेतात. (झाडे या जाळ्यातून एकमेकांना अन्न पाठवतात, असे हल्ली उत्साहाने सांगितले जाते. २०२३ साली काही शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले, तेव्हा रानातला पुरावा तोकडा निघाला. 'झाडांची माया' वगैरे शब्द आम्हांस तूर्त नकोत.) या बुरशीला भूछत्र येत नाही, बीजाणू मातीतच राहतात, वाऱ्यावर सहसा दूर जात नाहीत. म्हणून मुरुमासाठी पठाराचा वरचा वीतभर थर खरवडला की झाडांबरोबर तीही जाते आणि लवकर परतत नाही. त्या खड्ड्यांत लावलेली रोपे खुरटतात, आणि दोष पावसाला दिला जातो. लागवडीचे जे तक्ते आमच्या हाताखालून गेले, त्यांत रोपे, हेक्टर आणि जगल्याची टक्केवारी असे. मातीला रकाना नसे.

रोपवाटिकेत पिशव्या भरताना जुन्या झाडाखालची ओंजळभर माती मिसळण्याची रीत आहे. चिंचोळीचे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे रान २०११ पासून अभयारण्य असल्याने तेथली माती उचलता येणार नाही. भालकी-आळंदकडच्या बांधांवर जुनी चिंच आणि निंब मात्र अजून उभे आहेत.