भोंग्याच्या आधी पोचणारी सायकल : जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची एक बाजू

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. ते अमेरिकेत मुलीकडे गेले होते आणि तिथं चार्ल्सटन नावाच्या जुन्या बंदराच्या शहरात त्यांनी सायकल चालवली. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर तिथं झाडाझाडांतून जाणारा सायकलचा रस्ता केलाय. त्या शहरातून जो लांब पल्ल्याचा मार्ग जातो, ईस्ट कोस्ट ग्रीनवे, तो मेनपासून फ्लोरिडाच्या टोकापर्यंत, पंधरा राज्यांतून, जवळजवळ ४,८०० किलोमीटरचा आहे. त्याची कल्पना निघाली १९९१ साली, आणि अजून तो पुरता बांधून झालेला नाही. चिठ्ठीत शेवटी प्रश्न होता, 'आपल्याकडे असा रस्ता का नाही?'

मी त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो. आपल्याकडे असा रस्ता होता. समुद्रकाठच्या शहरापासून निघून घाट चढून निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, दापोडी, खडकी असा पुण्यात येणारा. तो सायकलसाठी बांधलेला नव्हता, पण पाव शतक तरी तो सायकलवाल्यांनी वापरला, आणि त्याची नोंद आपण ठेवली नाही.

रस्त्याचं वय आधी सांगून टाकतो. बोरघाटातून चाकाची वाहनं जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली खुला झाला. पुढे १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे आली, ती साधारण याच पट्ट्यातून. त्याच्याही आधीपासून देहूची पालखी इथूनच जाते. तुकोबांचा मुक्काम आजही आकुर्डीला असतो. म्हणजे पाय, बैलगाडी, टांगा, आगगाडी असं सगळं झाल्यावर सायकल आली.

आणि ती आली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. विक्री, दुरुस्ती, आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवणं! त्या दुकानातून पुढे चारा कापण्याची यंत्रं, मग लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, आणि १९४६ मध्ये याच रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना. आपल्या उद्योगाचा इतिहास सांगताना लोक नांगरापासून सुरुवात करतात. मी सायकलपासून करतो. पाना आणि स्पोक हातात घेतलेला मेकॅनिक आधी तयार झाला, कारखाना नंतर.

आता पिंपरीकडे येऊ. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आपली एच.ए. कंपनी. पेनिसिलिन आपल्याकडे बनायला लागलं ते इथं. त्यानंतर आकुर्डीला बजाजचा स्कूटरचा कारखाना आला, १९६०-६१ ची गोष्ट. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, त्याच दशकाच्या मध्यावर टेल्को आली. पण नगरपालिका आली १९७० मध्ये. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत इथं कारखाने होते आणि शहर नव्हतं. चार गावं होती, माळरान होतं, काही कंपन्यांच्या कॉलन्या होत्या. मग कामगार राहायचा कुठं? पुण्याच्या पेठांत, खडकीत, आसपासच्या गावांत. आणि यायचा कसा? एस.टी. होती, रेल्वे होती, पण सकाळच्या सातच्या पाळीला, रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीला, ज्याच्यावर शंभर टक्के भरवसा ठेवता येईल असं वाहन एकच होतं.

माझे वडील त्यांतलेच. कंपनीचं नाव सांगत नाही. शनिवार पेठेतून पिंपरी, जाऊन-येऊन अठ्ठावीस-तीस किलोमीटर. पावसाळ्यात सकाळी जाताना वारा तोंडावर असायचा, म्हणून ते जून ते सप्टेंबर वीस मिनिटं आधी निघायचे. डब्याची पिशवी हँडलला, कॅरिअरला रेनकोट, पँटच्या पायाला चेनमध्ये अडकू नये म्हणून क्लिप. नगरपालिकेचा बिल्ला सायकलला लावलेला पाहिजे, नाहीतर पोलीस हवा सोडायचा. अंधारात दिवा नसला तरी तेच. डबलसीट पकडले तर विचारूच नका.

दापोडीच्या हॅरिस ब्रिजवर ते एकमेकांची वाट पाहायचे, एवढं मला आठवतं. एकटं कुणी जायचं नाही. पुढे जो असेल त्यानं वारा खायचा, मग थोड्या वेळानं मागे यायचं आणि दुसऱ्यानं पुढे जायचं. शर्यतीतले सायकलपटू हेच करतात, आणि यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. शर्यतीवरून आठवलं, याच रस्त्यावर मुंबई-पुणे सायकल स्पर्धा व्हायची, घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. तिच्या बातम्या छापून आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण रोज तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, असा हिशेब केलात तर वर्षाला नऊ हजार होतात. त्याला कुणी राजा म्हटलं नाही.

माझा मुद्दा असा आहे. हा औद्योगिक पट्टा उभा राहिला तो जमीन, पाणी, वीज आणि रेल्वे यांच्यावर, असं पुस्तकं सांगतात. ते खरंच आहे. पण राहण्याची सोय न करता हजारो माणसं वेळेवर कामाला हजर करता आली, हा खर्च कुणी उचलला? तो त्या माणसांच्या पायांनी उचलला. सायकल हे त्या कारखान्यांचं न दाखवलेलं भांडवल होतं.

आणि गंमत बघा, ते तिथं बनवत काय होते? स्कूटर. सायकलवर येऊन दिवसभर स्कूटर जोडायची आणि पुन्हा सायकलवर घरी जायचं. १९७२ मध्ये चेतक आली, तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. स्कूटर घरी आली त्या दिवशी आमच्या वाड्यात पेढे वाटले, हे मी नाकारत नाही. ज्यानं वीस वर्षं पॅडल मारलं त्याला जाऊन 'सायकल किती छान' असं सांगायचा अधिकार मला नाही.

पण १९७२ सालीच आणखी एक गोष्ट झाली. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कोऱ्या कागदावर शहर आखायची संधी आपल्याला मिळाली, आणि सेक्टर, प्लॉट, रुंद रस्ते आखले गेले. साधारण त्याच सुमारास नेदरलँडमध्ये काय चाललं होतं? १९७१ साली तिथं रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, मग तेलाचा तुटवडा आला, आणि त्यांनी सायकलला पुन्हा जागा दिली. त्यांच्याकडेही तोवर सायकल म्हणजे मागे पडलेलं वाहनच समजत होते. आपण मात्र ती समजूत धरून ठेवली. सायकल म्हणजे गरिबी, आणि गरिबी जाणारच आहे, मग तिच्यासाठी रस्ता कशाला?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दापोडी-निगडी रस्ता रुंद झाला, मधली वाहतूक खाली घातली, ग्रेड सेपरेटर आले, बीआरटी आली, २०२२ मध्ये मेट्रो धावली. द्रुतगती मार्ग तर सायकलला बंदच आहे, त्याच्या तोंडाशी निषिद्ध वाहनांची यादी लावलेली असते. पाट्या वाचायची मला सवय आहे. बैलगाडी, ट्रॅक्टर यांच्या रांगेत सायकल.

आणि कारखाने सरकले चाकणकडे. १६६० मध्ये ज्या संग्रामदुर्गानं शायिस्ताखानाला पन्नासहून जास्त दिवस झुंजवलं, ज्या गावाचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध, तिथं १९९९ मध्ये बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. मी मागच्या महिन्यात पाळी सुटायच्या वेळी तळेगाव-चाकण रस्त्यावर थांबलो होतो. कंपनीच्या बस गेल्या, मोटारसायकली गेल्या, कंटेनर तर संपतच नव्हते. आणि त्यांच्या कडेनं, डांबर आणि मुरूम यांच्या मधल्या हातभर पट्टीतून, सायकलवाले येत होते. तरुण पोरं, बरीचशी कंत्राटी, काही मराठवाड्यातली, काही बिहारची. दोन-तीन एकामागे एक चालली होती. दिवा कुणाकडेच नव्हता. एकानं मोबाइलचा टॉर्च लावून तो खिशात उलटा ठेवला होता, मागच्या गाडीला दिसावा म्हणून.

ज्यांनी चिठ्ठी दिली ते आज आलेत, मला दिसतायत. तुमचा ग्रीनवे छान आहे हो. पण आपल्याकडे पहिली सायकलची पट्टी बांधायची झाली तर ती नदीकाठच्या बागेत बांधायची की या हातभर मुरमावर, हे आधी ठरवावं लागेल. माझं मत मुरमाच्या बाजूनं आहे.

प्रश्न घेण्याआधी एक विनंती. त्या काळातल्या कंपन्यांच्या सायकल-स्टँडचे पितळी टोकन असायचे, नंबर कोरलेले. वडिलांचं हरवलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, जुन्या डब्यात, किल्ल्यांच्या जुडग्यात असं टोकन असेल तर पुढच्या वेळी घेऊन या. मला ते नको, फक्त त्याचा फोटो आणि ते कोण वापरायचं, राहायचं कुठं, निघायचं किती वाजता, एवढं लिहून हवंय.