आश्रयाचा अर्ज आणि राज्याची कचेरी

वणीनजीकचे राजूर हे कोळशाच्या खाणीचे व चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. खाण आली तशी नाना प्रांतांची व नाना भाषांची माणसे येथे पोटासाठी आली आणि कालांतराने येथलीच होऊन गेली. येथून पूर्वेस निघून वर्धा नदी ओलांडावी, चंद्रपूर मागे टाकावे आणि गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात शिरावे, म्हणजे चामोर्शी, मुलचेरा या बाजूस बंगाली बोलणारी गावे लागतात. तेथील लोकही दुरूनच आले. परंतु त्यांचे येणे आणि राजूरच्या मजुराचे येणे यांत एक मोठे अंतर आहे. मजूर मागे घर ठेवून येतो, निर्वासिताचे मागे काही उरलेलेच नसते. मजुराने मालकाकडे काम मागितले म्हणजे त्याचे भागते; निर्वासिताला मात्र राज्यापुढे उभे राहून, ‘मी कोण, कोठून व का आलो’ हे सांगावे लागते आणि त्यावर राज्याचा होकार मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. या वाट पाहण्याचा इतिहास हाच आजच्या लेखाचा विषय होय.

हा प्रश्न आज जगभर ऐरणीवर आला आहे. एकट्या जर्मनीत २०१६ या एका वर्षात आश्रयाचे सुमारे साडेसात लाख अर्ज दाखल झाले. अमेरिकेच्या स्थलांतर न्यायालयांत तुंबलेल्या प्रकरणांची संख्या २०२३ च्या अखेरीस तीस लाखांवर गेली. याचे जे कारण सर्वत्र सांगण्यात येते ते असे की, अर्ज फार आणि कारकून थोडे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण ज्या समाजात जन्मली त्याला हे कारण सहज पटावे यात नवल नाही. परंतु आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. अर्जांच्या संख्येने जितका विलंब होतो, त्याहून अधिक विलंब निर्णय घेण्याच्या अनिच्छेने होतो. हे म्हणणे पारखून पाहावयास १९४७ नंतरच्या आपल्याच देशाच्या अनुभवाहून अधिक चांगली कसोटी सापडणार नाही.

प्रथम पंजाबचे उदाहरण घेऊ. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू व शीख शेतकऱ्यांनी मागे सुमारे २७ लाख हेक्टर जमीन सोडली होती. पूर्व पंजाबातून गेलेल्या मुसलमानांची मागे राहिलेली जमीन सुमारे १९ लाख हेक्टर एवढीच होती. म्हणजे मागणारे अधिक आणि देण्यास कमी, असा उघड पेच होता. सरकारने सर्वांच्या दाव्यांचा निकाल लागेपर्यंत लोकांना छावण्यांत बसवून ठेवले नाही. प्रत्येक शेतकरी कुटुंबास, त्याची पूर्वीची जमीन कितीही असो, तात्पुरती चार हेक्टर जमीन कसावयास दिली. बी-बियाणे व अवजारे यांसाठी कर्जेही दिली. मग १९४८ च्या मार्चमध्ये दावे मागविले. महिन्याभरात पाच लाखांवर दावे आले.

या दाव्यांची तपासणी ज्या रीतीने झाली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकाच गावाहून आलेल्या निर्वासितांना एकत्र बसवीत. सरकारी अधिकारी एकेक दावा मोठ्याने वाची. आणि जमलेली मंडळी तो मान्य करीत, दुरुस्त करीत किंवा फेटाळून लावीत. शेजाऱ्याचे शेत केवढे होते हे शेजाऱ्याइतके कोण जाणणार? खोटा दावा करणाऱ्याच्या वाट्याची जमीन कमी होई, आणि प्रकार फारच गंभीर असल्यास त्याला थोड्या मुदतीची कैदही होई. या कामाचे सूत्रधार तरलोकसिंग हे सनदी अधिकारी होते. जमिनीचा कस सारखा नसल्यामुळे त्यांनी ‘प्रमाण एकर’ हे माप योजिले, आणि तुटीचा भार मोठ्यांवर अधिक पडावा म्हणून चढती कपात ठरविली: दहा एकरांपर्यंतच्या दाव्यात चौथा हिस्सा कापला जाई, तर पाचशे एकरांवरच्या भागात शंभरातील ९५ हिस्से. १९४९ च्या नोव्हेंबरपर्यंत अडीच लाख वाटपे पुरी झाली. त्या काळी ना गणकयंत्र होते ना दूरध्वनीची आजची सोय. तरीही हे वीस महिन्यांत झाले. ते झाले याचे कारण, आधी पाय टेकावयास जागा दिली आणि मग हक्काची चौकशी केली.

आता याच्या शेजारी शहरी निर्वासितांची स्थिती ठेवून पाहू. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधी कुटुंबे आगबोटींतून मुंबईस उतरू लागली. महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बांधलेल्या बराकींतून त्यांची सोय लावण्यात आली. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. ते गेल्यावर त्यांच्याच छावणीत सिंधी लोक वसले आणि तिचे गांधीनगर झाले. डोक्यावर छप्पर आले, परंतु मागे राहिलेल्या घरादुकानांच्या भरपाईचे काय? त्यांचे दावे तपासण्याचा कायदा १९५० साली झाला आणि भरपाई देण्याचा कायदा १९५४ साली. शेतकऱ्याच्या बांधाची साक्ष सारा गाव देत होता. शहरातील माडीची किंमत ठरवावयास मात्र कागद हवे होते, आणि जीव घेऊन पळणाऱ्याने कागद कोठून आणावेत? साक्ष देणारे शेजारीही मुंबई, पुणे, नागपूर, अजमेर असे चहूकडे विखुरलेले. तेव्हा विलंबाचे एक कारण येथे स्पष्ट होते: जो पुरावा अर्जदारापाशी असणे शक्य नाही, नेमका तोच मागणे. मात्र उल्हासनगरच्या सिंधी माणसाने भरपाईची वाट पाहत हात जोडून बसणे पत्करले नाही, हे सर्वश्रुत आहे. दुकान मांडण्यास, फेरी करण्यास त्याला कोणी अडविले नाही, म्हणून तो विलंब त्याला सोसता आला.

येथवरची कथा सरकारच्या मोठेपणाची वाटेल. परंतु तिची दुसरी बाजू न सांगणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. पंजाबात वाटलेली जमीन आकाशातून पडली नव्हती. ती दुसऱ्या निर्वासितांची होती. ज्या राज्याची एक कचेरी येणाऱ्यांचे दावे झपाट्याने निकालात काढीत होती, त्याच राज्याची दुसरी कचेरी परत येऊ पाहणाऱ्यांस थोपवून धरीत होती. दंगलीच्या भीतीने पाकिस्तानात गेलेले कित्येक मुसलमान शांतता होताच आपल्या घरी परतू लागले, तेव्हा १९ जुलै १९४८ पासून परवान्याची पद्धत सुरू झाली. कायमचे परतण्याचा परवाना वेगळा, तात्पुरत्या भेटीचा वेगळा. ही तारीख पुढे थेट राज्यघटनेत गेली. सहाव्या अनुच्छेदाने त्या तारखेपूर्वी आलेला मनुष्य, त्याचा, त्याच्या आईबापांपैकी किंवा आजाआजींपैकी कोणाचा जन्म अखंड हिंदुस्थानातला असून तो येथे राहत असल्यास, अर्जावाचून नागरिक ठरला. नंतर आलेल्यास सहा महिन्यांचे वास्तव्य, अर्ज व नोंदणी हे सारे लागले. सातव्या अनुच्छेदाने, १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यास कायम परतीच्या परवान्याखेरीज नागरिकत्वाचे दार बंद केले. नवरा इकडे आणि बायको तिकडे अशा कुटुंबांच्या नशिबी या तारखेमुळे काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्वरा ही स्वतः गुण नव्हे. नकारही त्वरेने देता येतो.

सर्वांत बोलका धडा पूर्व बंगालचा. पंजाबातील लोंढा एकदा येऊन ओसरला. बंगालातील ओघ वीस-पंचवीस वर्षे थांबत, वाढत चालूच राहिला. हे लोक परत जातील अशी आशा दिल्लीस प्रारंभी होती, म्हणून पंजाबसारखी मालमत्तेची अदलाबदल व भरपाई यांची योजना तेथे लागूच झाली नाही. निर्णयाच्या जागी तारखा आल्या. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले ते ‘जुने’, १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले ते ‘नवे’. मधल्या जवळजवळ सहा वर्षांत आलेल्यांना साहाय्य नाही. ‘नव्यां’नाही मदत मिळे ती पश्चिम बंगालबाहेर जाण्याचे कबूल केल्यास. यासाठीच १९५८ साली दंडकारण्य योजना निघाली होती; आणि त्याच धोरणाच्या ओघात पुढील दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात बंगाली वसाहती झाल्या. खाडीच्या मुलखात भातशेती व मासेमारी यांत वाढलेली माणसे सागाच्या रानात, परक्या भाषेच्या लोकांत येऊन राहिली, आणि तीही अशा भूमीवर जी आधीपासून गोंड-माडियांची होती. त्यांतील पुष्कळ लोक नामशूद्र. ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती घातलेली नव्हती. त्यामुळे येथे जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांनाही दाखल्यासाठी अर्ज करीत राहावे लागले. आजोबांच्या आश्रयाचे प्रकरण नातवाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पोहोचले, ते अशा रीतीने.

पंजाबात एका महिन्यात पाच लाख दावे आले व मार्गी लागले. बंगालात माणसे हळूहळू आली, तरी प्रश्न भिजत पडला. संख्या हेच जर विलंबाचे मूळ असते तर उलट घडावयास हवे होते.

या धड्याचा आजही उपयोग आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जागतिक करारात भारत सामील नाही. आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. पाकिस्तानातून नागपुरास येऊन राहिलेल्या सिंधी हिंदूंचा अनुभव पाहावा. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहावयाचे, तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावयाचा, आणि नागरिकत्वाचा अर्ज जिल्ह्याकडून राज्याकडे व राज्याकडून दिल्लीस जाण्याची वाट पाहावयाची, असा क्रम होता. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने काही ठरावीक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांसच हा अधिकार दिला. त्यांत नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे होते. निर्णय अर्जदाराच्या जवळ आला, ही पंजाबच्या रीतीकडे परतण्याचीच एक पायरी म्हणावी लागेल. परंतु २०१९ च्या कायद्याने व ११ मार्च २०२४ च्या नियमांनी पुन्हा ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख घातली, आणि तारखेच्या जोडीला धर्माची यादीही. यादीतील अर्जदारास अकराऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरे झाले. यादीबाहेरच्यास मात्र, त्याचे संकट तितकेच खरे असले तरी, या मार्गाने जाता येत नाही. मनुष्याची हकीकत ऐकण्यापूर्वीच जेथे तो बाहेर ठरतो, तेथे अर्ज लवकर निकालात निघतात खरे. परंतु त्याला चौकशी म्हणता येत नाही.

तेव्हा राज्यकर्त्यांची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी असे आम्हांस वाटते. निकाल लागेपर्यंत अर्जदारास राबून खाण्याची मुभा आहे काय? त्याच्या बोलण्याची पारख, त्याला व त्याच्या मुलखाला ओळखणाऱ्यांकडून होते काय? आणि त्याला नकार मिळालाच, तर तो त्याची हकीकत ऐकून मिळतो, की नुसते पंचांग पाहून? कारकून वाढविणे सोपे आहे, आणि ते वाढवावेतही. पण या तीन प्रश्नांची उत्तरे कारकुनाच्या हाती नसतात. ती वरून यावी लागतात.

राजूरच्या खाणीवर आलेल्या माणसाला गाव चार पावसाळ्यांत आपला म्हणू लागते. राज्याला तेवढी घाई करता येणार नाही, त्याला तपास केलाच पाहिजे, हे आम्ही मानतो. परंतु फायलीत एक वर्ष म्हणजे एक शेरा असतो आणि अर्जदाराच्या घरात तेच वर्ष म्हणजे मुलाचे हुकलेले शिक्षण, मुलीचे अडलेले लग्न किंवा म्हाताऱ्या आईचा शेवटचा श्वास असतो. एवढे ज्या कचेरीला कळले, तिला त्वरा करण्याचा निराळा हुकूम सोडावा लागणार नाही.