दारातली आई, आतला स्तूप

चैत्रात कार्ल्याचा डोंगर चढणारा कोळी लेणी बघायला निघालेला नसतो. तो एकवीरा आईच्या भेटीला निघालेला असतो. त्याच पायऱ्यांनी बौद्ध उपासक स्तूपाला वंदन करायला जातात आणि इतिहासाचे अभ्यासक ब्राह्मी वाचायला. चैत्यगृहाकडे, म्हणजे स्तूपाच्या दालनाकडे, तोंड करून उभे राहिले की डावीकडे सिंहस्तंभ दिसतो. उजवीकडे, जिथे त्याचा जोडीदार असावा तिथे, एकवीरेचे देऊळ आहे. मग या लेण्याचा खरा वारसदार कोण? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कारण हे लेणे मुळातच कुणा एकाचे नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी या जागेचे नाव होते वलूरक. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने कोरून ठेवतो. पण धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा गंधविक्रेताही दाराचे दान नोंदवतो, आणि त्याच गावचा सामी नावाचा सुतार दार घडवल्याचे सांगतो. आत अनेक खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. त्यांत स्वतःला यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक, म्हणवणारेही आहेत. सुताराचे नाव श्रेष्ठीइतकेच टिकले, याचे मला फार मोल वाटते.

यावर बौद्धांचा आक्षेप रास्त आहे: दान देणारे अनेक असले, तरी दान भिक्षुसंघालाच होते, आणि देवीच्या गजरात ही ओळखच बुजते. ती बुजता कामा नये. देवळाच्या रांगेतल्या प्रत्येकाला वलूरकाचा संघ ठाऊक हवा. पण म्हणून कोळ्यांची कुलदेवता उपरी ठरत नाही. पुढच्या काळातल्या बौद्धांनीही दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरताना जुनी नक्षी तासली आहे. नव्या श्रद्धेने जुन्या दगडाला हात लावणे इथे तेव्हापासूनचे आहे.

मग बदल चालतोच, तर जपायचे कशाला, असे कुणी म्हणेल. अर्थ बदलतो तो माणसांच्या मनात, दगड-लाकूड मात्र एकदाच झिजते. चैत्याच्या छताला अजून मूळ सागवानी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र. त्यांना धूर आणि ओल लागू न देणे हे पुरातत्त्व खात्याइतकेच यात्रेकरूचेही काम आहे, कारण आई ज्या दारात बसली आहे, ते दार याच घराचे आहे.